सुशीची बोरमाळ

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे — का, ते विचारू नका.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही महाडला, नवरा कचेरीत कारकून. धाकटे दीर मुंबईला गिरणीत, त्यांची बायको सुशी गावी कापड्याला सासूबाईंपाशी. सासूबाईंची शेवटची दोन वर्षं तिनेच काढली. मी सणाला जायची, साडी सांभाळत बसायची.

सासूबाईंच्या दोन बोरमाळा होत्या. दिसायला अगदी सारख्या. पण एक बावीस कॅरेटची, माळ अडकवायच्या फाशावर बारीक शिक्का असलेली. दुसरी त्यांनी अडचणीत मोडून तांब्यावर मुलामा देऊन करून घेतलेली. कुणाला कळू न देता. आजारपणात मला जवळ बोलावून हे सांगितलं आणि म्हणाल्या, "शिक्क्याची सुशीला दे गो. तुझा नवरा नोकरदार हाय. तिला कोण हाय?"

मी हो म्हटलं. आणि बाराव्यानंतर दुसरी दिली.

नड होती का? नाही. शिक्का मला वाचता येत होता, तिला येत नव्हता — एवढंच.

पुढे शिमग्याला आलेले भावजी ती माळ नव्याने ओवून घ्यायला मुंबईला घेऊन गेले, परत आणूनही दिली. मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. सुशी माळ मोडायला महाडला आली. मीच तिला सराफाकडे नेलं. न्यायला नको होतं, पण नाही कसं म्हणणार? त्याने कसोटीवर रेघ ओढली, तेजाबाचा थेंब टाकला. रेघ हिरवी फेसाळली.

"बाई, हे तांबं आहे."

सुशी माझ्याकडे वळली. "अक्का, तुमी दिलीत तवा चोख होती ना?"

इथे तरी बोलता आलं असतं.

"होती," मी म्हटलं. "शिक्का मी स्वतः पाहिला होता."

तिचा हिशेब झाला — माळ मुंबईला गेली होती.

भावजींनी देवाशपथ सांगितलं, तिने ऐकलं नाही. लेकीच्या लग्नात ते मांडवाच्या कडेला पाहुण्यासारखे उभे होते. नंतर एकदा माझ्या दारात आले. "वैनी, तुमी तरी सांगा तिला. तुमचं ती ऐकंल."

"मी काय सांगणार, भावजी?" मी म्हटलं, आणि चहा टाकला. चहा न घेताच गेले.

हळूहळू त्यांचं गावी येणं थांबलं. काही वर्षांनी मुंबईच्या खोलीतच गेले. निरोप आला तेव्हा मी कापड्याला होते. सुशी रडली नाही. "मेला माझ्या पोरीचा दागिना खाऊन," एवढंच म्हणाली. मला मात्र हुंदका आवरेना. तिने मला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पाणी पाजलं.

मी ते प्यायले.