दुपारचा उंचवटा

आमचं उपकरण अंतराळात जाणार होतं, पण त्याआधी त्याला अंधेरीत पास व्हायचं होतं. काचेच्या दोन ठोकळ्यांत, एकमेकांशी काटकोनात, प्रकाश खेळवायचा आणि त्याचा वेग दोन्ही दिशांना अगदी सारखा आहे का ते बघायचं. सापेक्षता सिद्धांत म्हणतो, सारखाच. आम्ही त्यात खोट काढायला बसलेलो. जमिनीवर हादरे फार, म्हणून उपग्रहावर जायचं. पण आधी इथे दोन वेगांतला फरक दाखवणारी पडद्यावरची रेघ सपाट यायला हवी, नाहीतर उपग्रहावरची आमची जागा दुसऱ्यांना मिळणार होती.

रेघेला दुपारी उंचवटा यायचा. काच कशाने तरी किंचित हलत किंवा तापत होती, आणि तेवढ्यानेही वाट लागायची. आम्ही मेट्रोला शिव्या घातल्या, विमानांना घातल्या, एसीवाल्याचं तर डोकं खाल्लं.

मी बोरीवलीला एकटी राहते आणि त्याचं मला काही वाटत नाही असं सगळ्यांना सांगते. ते खोटं आहे. माझी आपणहून चौकशी करणारं एकच माणूस होतं, आमच्या अकाउंट्समधली मालवणची मैत्रीण. जेवायच्या सुट्टीत ती प्रयोगखोलीचं दार उघडून उंबऱ्यात उभी राहायची.

"जेवलंस काय गो?"

"दोन मिनिटं गं."

"ऊठ आधी. तुझा प्रकाश काय पळून जात नाही."

प्रकाश दुसरं काय करतो? पण तिच्यापुढे कोण बोलणार! मी उठायची.

मग तिची आई अंथरुणाला खिळली आणि ती नोकरी सोडून गावी गेली. पाठोपाठ रेघ सपाट झाली. "एसी शेवटी ताळ्यावर आला," म्हणत साहेबांनी पेढे वाटले.

मी जुने आलेख काढले. ती गणपतीला गावी गेली होती तेव्हाही रेघ सपाटच होती. आम्ही त्याचं श्रेय पावसाला दिलं होतं. उघड्या दारातून येणारी गरम हवा आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या अंगाची ऊब, एवढंच आम्ही इतके महिने शोधत होतो. मी ते आलेख गुपचूप परत ठेवून दिले. पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

उपकरण आता वर फिरतंय. काल पहिला निकाल आला आणि मी तिला फोन लावला.

"कुठल्याच दिशेला फरक नाही गं. रेघ एकदम सरळ."

"झकास! जेवलंस काय गो?"

"हो," म्हटलं. डबा पिशवीतच होता.