न बदललेला क्रॉस

वस्तू झिजते पण संपत नाही, यावर देवापेक्षा जास्त विश्वास असलेले एकच गृहस्थ मी आयुष्यात पाहिले, आणि ते म्हणजे आमचे बंगळूरचे घरमालक. साठ साल उजाडायच्या आधी मी साताऱ्याहून तिथल्या एका सरकारी कारखान्यात नोकरीला लागलो आणि जयनगरात त्यांच्या माडीवरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड मांडलं. त्यांचं घराणं चार पिढ्या बंगळूरचं; मराठी बोलत, पण कानडी वळणाने भात 'स्वल्प', म्हणजे थोडासा, वाढायला सांगत आणि कुठल्याही गोष्टीला होकार 'सरी' म्हणूनच देत. त्यांच्या चपलांना सायकलच्या टायरचे तीन थर होते. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेची होती. छत्रीच्या काड्या दुसऱ्या एका मेलेल्या छत्रीतून आलेल्या होत्या. दिवाणखान्यातलं घड्याळ दिवसाला वीस मिनिटं पुढे जाई आणि ते रोज सकाळी काटे मागे घेत. मी एकदा म्हटलं, "एकदाचं दुरुस्त का करून घेत नाही?" तर दुखावल्यासारखे म्हणाले, "अहो, रोज दुरुस्त करतोच की!" आमच्या हिने तळ गेलेली बादली कचऱ्यात टाकली, ती दुसऱ्या दिवशी तळाला पत्रा ठोकून आणि वर तुळशीचं रोप लावून आमच्या दारात हजर. "अम्मा, तुमची बादली खाली विसरली होती बघा," असं ते इतक्या निरागसपणे म्हणाले की तिला आभार मानावे लागले.

या सगळ्या गोतावळ्यात मानाचं पान होतं त्यांच्या गाडीला. महायुद्धाच्या आधीची, हिरव्या रंगाची विलायती गाडी. हँडल मारून सुरू होणारी. तिचा एखादा आवाज बदलला की ते लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डॉक्टरसारखे डोळे मिटून ऐकत. कोणी तिच्याखाली शिरलं, की हेही शेजारी पोतं अंथरून, हातात टॉर्च घेऊन आडवे होत. मेस्त्री वैतागून म्हणे, "स्वामी, दोघांना जागा नाही इथं." हे सांगत, "तू हो की स्वल्प बाजूला!"

पण गाडी ही त्यांची हौस नव्हती. देवनहळ्ळीला त्यांची थोरली बहीण राहत असे, अक्का. आई लहानपणी गेल्यावर तिनेच त्यांना वाढवलेलं. तिला आता घराबाहेर पडवत नव्हतं, आणि बसमध्ये पाऊल ठेवलं की यांना घेरी येई. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी ताज्या दळलेल्या कॉफीचा पुडा घेऊन ते गाडीने अक्काकडे जात आणि तिच्या अंगणातली चक्कोता, म्हणजे आपली पपनसं, घेऊन संध्याकाळी परत येत. गाडी नाही, तर अक्का नाही, इतका सरळ हिशेब होता.

त्यांचा मुलगा दिल्लीला नोकरीत होता. वडील या वयात असल्या गाडीतून फिरतात याची त्याला धास्ती वाटे. एकदा रजेवर आला असताना त्याने त्यांच्याकडून शब्द घेतला, की जुन्या सामानावर चालते तोवर चालवा. ज्या दिवशी नवा भाग घालायची वेळ येईल, त्या दिवशी गाडी विकायची. घरमालकांनी देवघरापुढे उभं राहून खुशाल शब्द दिला, कारण अशी वेळ जगात कुणावर येऊ शकते हेच त्यांना मान्य नव्हतं.

मग एके दिवशी गाडी 'टक्' म्हणाली. गिअर टाकून क्लच सोडला की तिच्या पोटाखालून 'टक्' असा ठसठशीत आवाज येई. "खोकला आहे. थंडी गेली की जाईल," घरमालक म्हणाले. थंडी गेली आणि एकाच्या जागी तीन टक् झाले. मेस्त्री खाली शिरून बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "क्रॉस गेला, स्वामी. नवाच घाला." इंजिनाचा फेर मागच्या चाकांना पोचवणारा जो लांब दांडा असतो, त्याच्या सांध्यातला हा चार बाहूंचा पोलादी तुकडा.

"नवाच? आणि दुरुस्ती?"

"मागच्या वेळी तुम्ही कॉफीच्या डब्याचा पत्रा कापून आत सारला होता. आता डबा अख्खा सारला तरी व्हायचं नाही."

घरमालकांनी गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. मग माझ्याकडे वळले. "इंजिनियर, तुमच्या कारखान्यात एवढी यंत्रं आहेत. तुम्हाला काय अशक्य आहे?"

तेव्हा मी तिशीतला, हाताला यश असलेला माणूस होतो. "सोडा माझ्यावर," मी म्हणालो. "भर घालून, घासून, शनिवारच्या आत देतो." रविवार महिन्याचा पहिला होता.

आता जे लिहितो ते मी अनेक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. क्रॉस मी कारखान्यात नेला, खासगी कामाला सरकारी मायक्रोमीटर लावला (तेही मनाला लागून आहेच) आणि मापं घेतली. झीज होतीच, पण एका बाहूच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. त्यावर भर घालणं म्हणजे भर रस्त्यात दांडा निखळून पडायची सोय करणं. मला निर्णय घ्यायला एक मिनिटही लागलं नाही. नवा पाहिजे. आणि नवा म्हटलं की गाडी गेली, म्हणजे अक्का गेली. मी सिटी मार्केटजवळच्या दुकानातून नवा क्रॉस आणला, स्टोव्हची काजळी जळक्या तेलात कालवून त्याला फासली आणि शनिवारी दुपारी गाडीखाली शिरलो. घरमालक पोतं घेऊन आता येतील, मग येतील, म्हणून मी दर मिनिटाला चाकाआडून ओसरीकडे बघत होतो. पण ते आले नाहीत. वर्तमानपत्र तोंडासमोर धरून ओसरीवर बसून राहिले. पाऊण तासात एकदाही पान उलटलं नाही. मला आठवतं, चष्मा त्यांनी कपाळावर सरकवलेला होता. मी म्हटलं, सुटलो.

टक् गेला तो गेलाच. घरमालकांनी आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येक बिऱ्हाडासमोर गाडी थांबवून, गिअर टाकून, ती शांतता लोकांना ऐकवली. "काय ऐकू येतं?" "काही नाही." "बघा!" रविवारी मलाही देवनहळ्ळीला नेलं. "अक्का, यांनी आपला जुनाच क्रॉस नवा करून दिला," असं सांगितल्यावर अक्काने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, सर्वांत मोठं पपनस निवडून स्वतः सोललं आणि मला दिलं. एका सज्जन माणसाचा देवासमोरचा शब्द मी त्याच्या नकळत मोडला होता. ती फोड काही केल्या घशाखाली उतरेना.

पुढे माझी बदली झाली. दर दिवाळीला त्यांचं पत्र येई, आणि त्यात शेवटी एक ओळ असे, 'क्रॉस उत्तम आहे.' ती वाचली की माझा फराळ संपे. जुना क्रॉस मी टाकला नव्हता. प्रत्येक बदलीत तो सामानाबरोबर माझ्यामागे आला. शेवटी त्या शनिवारानंतर नऊ वर्षांनी कामानिमित्त बंगळूरला जाणं झालं, तेव्हा तो पिशवीत घालून गेलो.

घरमालक थकले होते. अक्का आदल्या वर्षी गेली होती. गाडी मागच्या अंगणात, ठिगळांच्या ताडपत्रीखाली उभी होती. कॉफी होताच मी क्रॉस त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी तो उचलला, अंगठ्याच्या नखाने ती चीर शोधली आणि म्हणाले, "माहीत आहे हो."

"माहीत आहे? केव्हापासून?"

"तुम्ही नवा जिन्यावरून खाली आणलात तेव्हापासून. काजळी फासलीत, पण दुकानातल्या ग्रीसचा वास कुठे लपतो? मी काय आज गाड्या हुंगतोय?"

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर शब्दाप्रमाणे गाडी विकावी लागली असती. म्हणून चष्मा वर करून बसलो. दिसलं नाही, ते झालं नाही, अशी मनाची स्वल्प दुरुस्ती करून घेतली." मग ताडपत्रीकडे बोट करून म्हणाले, "आठ वर्षं भेटलो अक्काला. एक महिना चुकला नाही."

"पत्रात मात्र दर वर्षी लिहायचात."

"तुम्हाला काळजी वाटू नये म्हणून हो. तुम्ही मुळातच घाबरट."

निघताना त्यांनी क्रॉस ठेवून घेतला. चिरेत पितळ भरून बघतो, म्हणाले. मी ताडपत्रीकडे पाहिलं, त्यांनीही पाहिलं, आणि आता ही दुरुस्ती कशासाठी, ते मी विचारलं नाही. मग आतून एक पपनस आणून माझ्या पिशवीत, क्रॉसच्या रिकाम्या जागी घातलं. "अक्काच्या झाडाचं. तिथले शेजारी पाठवतात अजून."

"सरी," मी म्हणालो.

बसमध्ये बसल्यावर मी ते सोललं. या वेळी मात्र उतरलं घशाखाली, सावकाश, एकेक फोड.