त्या पोरीचा सॅक्सोफोन

संत्रं सोललं का सालीच्या वासानं मले ती दुपार आठवते. अमरावतीच्या आमच्या घरी ओट्यावर मी अन् बायको संत्री खात बसलो होतो. मी जन्मभर लग्नाच्या बँडात सॅक्सोफोन वाजवला, म्हणून नात मोबाइलवर जॅझच्या नव्या रेकॉर्डी धाडत असे. त्या दिवशी दोन आल्या होत्या. एक ऐंशीच्या म्हाताऱ्याची, दुसरी एका तरुण पोरीची.

म्हाताऱ्याची लावली. बायको कान देऊन ऐकत होती.

"हा माणूस मधात थांबते, मंग वाजवते," ती म्हणाली. "तुमी तं वरातीत कधी दमच घेतला नाई."

"थांबलो असतो तं नवरदेवाच्या बापानं हाकललं असतं."

ती हसली. "आता त्या पोरीचं लावा."

"बाईच्या छातीत तेवढा दम नसते. उद्या पाहू."

"न ऐकताच कसं माईत तुमाले?" असं म्हणून साली गोळा करत ती आत गेली.

सकाळी ती उठली नाही. हात लावला तर अंग गार होतं.

अकोल्याच्या पोराले फोन करायले मोबाइल घेतला, अन् आधी त्या पोरीची रेकॉर्ड लावली. बायकोच्या उशाशी बसून पुरी ऐकली. त्या पोरीचा दम माझ्यापेक्षा लांब होता. बायको गेलेली, अन् मले वाजवणं गोड लागत होतं. तवा वाटलं, मी तिले ऐकवून राहिलो. आता समजते, मी माझ्यासाठीच ऐकत होतो.

रेकॉर्ड संपल्यावर मी तिले म्हटलं, "तुझंच खरं होतं." मंग पोराले फोन लावला.