मामाचा चक आणि माझा माईक

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाय. निम्म्या तालुक्याचे आवाज काढतो मी — एसटीचा कंडक्टर, आमचे हेडसर, दुबईवरून आलेला शेजारी. हे मात्र माझ्याच आवाजात सांगायचंय, आणि नेमका तोच फुटत नाय. हसा. मला सवय हाय.

पोलादपूरला माझा मामा लाकडाच्या लेथवर काम करतो — करायचा. लाटणी, पलंगाचे पाय, पाळण्याचे खांब. फिरतं लाकूड ज्या लोखंडी पकडीत धरतात, तो चक. जुना झिजला तेव्हा मामाने पैसे माझ्या हातात दिले. "महाडवरनं चांगला स्टीलचा आण, बाबू. ह्यात कंजुषी नको. समोर माझं तोंड असतं."

समोर माझं तोंड असतं — एवढं स्पष्ट बोलला होता माणूस!

आणि मी? मोबाईलवर सगळ्यात स्वस्तातला चक मागवला आणि उरलेल्या पैशांत कॉर्डलेस माईक घेतला. गणपतीत कार्यक्रम होता ना माझा! खोका जाळला, चकला तेल चोपडलं, आणि महाडच्या दुकानदाराच्या घोगऱ्या आवाजात मामाला म्हटलं, "घ्या मिस्त्री, जन्मभर बघायला नको." मामा पोट धरून हसला.

तेल लावताना चकच्या एका जबड्याला, लाकूड आवळून धरतो त्या भागाला, केसाएवढी चीर दिसली होती. आजवर मी मनात "बहुतेक दिसली" म्हणत आलो. बहुतेक कसलं डोंबल? दिसली होती. अंगठ्याने तेल दाबून बुजवली मी ती.

मग एका दुपारी कापडे गावच्या गिऱ्हाईकाचा पाळण्याचा खांब लावला होता. जबडा तुटला, खांब उडाला — मामाच्या तोंडावर. पुढचे दात गेले, ओठ फाटला. दवाखान्यात मामी मला विचारते, "कसं झालं रे?" मामाला बोलता येत नव्हतं. मला येत होतं. मी म्हटलं, "मामाने चकची चावी नीट आवळली नसेल." आणि संध्याकाळी चकचे तुकडे भंगारवाल्याला देऊन टाकले.

इथवर भित्रेपणा म्हणा. पुढचं काय म्हणाल?

गणपतीत त्याच माईकवर मी मामा केला. बोळका, थुंकी उडवत — "आवळली होती रे... आवळली होती, बहुतेक..." मंडप नुसता लोळला. पोरं ओरडली, "वन्स मोअर!" मी परत केला. मामा पहिल्याच रांगेत होता, तोंडावर रुमाल धरून हसत. मग बाजारात जो तो विचारायचा, "काय मिस्त्री, आवळली काय?"

एवढा राग येतो! त्या खिदळणाऱ्यांचा. त्या रुमालाचा. मामाचासुद्धा — अरे, उठून माझ्या कानफटात का नाय मारलीस? पण त्याने कशाला मारायची? त्याला काय ठाऊक? चक माझा, माईक माझा, आणि ते "बहुतेक"ही माझंच — त्याच्या तोंडात मीच घातलेलं.

आता तो ते खरंच बोलतो. लेथवर गोणपाट टाकलंय. "हात भरवशाचे राहिले नाय," म्हणतो. कुलूप लावतो, परत येऊन ओढून बघतो. गॅस, नळ, सगळं मामीला बघायला लावतो. "अगो, बंद केला मी, बहुतेक..." मामी चिडते. मी आसपास असलो की मला लावतो बघायला. माझ्यावर भरवसा हाय त्याचा.

काल त्यांच्याकडे गेलो होतो. मामीने माझ्यासाठी लोणचं भरलं, मामाने झाकण लावलं आणि बरणी माझ्यापुढे धरली.

"बघ रे बाबू, घट्ट बसलंय काय?"

झाकण घट्ट होतं. जरासुद्धा हलत नव्हतं. मी दात-ओठ खाऊन जोर लावल्याचं सोंग केलं आणि म्हटलं, "आता बसलं, मामा."