घड्याळाची मागची बाजू

हौसेला मोल नसतं म्हणतात. माझी हौस आईच्या डोळ्यांवर बेतली, आणि हे मी आजपर्यंत कुणाजवळ बोललेलो नाही.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी यंत्रांचे सुटे भाग तपासतो. दिवसभर खोट काढायची, हाच धंदा. म्हणूनच असेल, त्या चावीच्या घड्याळानं मला वेड लावलं. पुढून अगदी साधं: पांढरी तबकडी, बारीक आकडे, दोन काटे, बस्स. मागच्या बाजूला काच होती आणि खरी करामत तिच्याआड. आतल्या प्रत्येक पट्टीची कड तिरकी घासून आरशासारखी केलेली. सरळ कड मशीन काढून देतं, पण आत वळणारा कोपरा हातानंच घासावा लागतो. मनगटावर बांधलं की हे सगळं कातडीला टेकतं, कुणाला दिसत नाही. तरी कुणीतरी भिंग लावून ते केलं होतं. दुकानात मी दहा वेळा उलटंपालटं करून बघितलं, खोट सापडेना. घेऊन टाकलं.

हे काम ज्याला कळेल असं माझ्या माहितीत एकच माणूस होतं, निपाणीतली माझी आई. तिनं जन्मभर विड्या वळल्या. तोंड नीट मोडलेलं, दोरा नेमका जागेवर. तिच्या विड्यांतून छाट, म्हणजे नापास विड्या, काढताना विडी कारखान्यातला तपासनीससुद्धा हात आखडायचा.

आणि तिलाच मी ते दोन वर्षं दाखवलं नाही. रविवारी निपाणीला जाताना बस तवंदीचा घाट उतरायला लागली की मी घड्याळ काढायचो आणि मोज्यात घालून पिशवीच्या तळाशी ठेवायचो. गल्लीत बाया अजून विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन बसतात. त्यांच्यापुढं ही चैन मिरवायची कशी? लाज वाटायची. आईच्या समोर बसून मी चहा प्यायचो, ती बोलता बोलता विड्या वळायची. विडी बोटांनी वळते, तिला डोळे लागत नाहीत. पानं तेवढी आता शेजारची आक्का कापून द्यायला लागली होती. "वय झालं रं," आई म्हणाली आणि मी मान डोलावली. मी, पगार घेऊन खोट काढणारा!

शेवटी यंदाच्या उन्हाळ्यात एका रविवारी धीर केला. मागची काच वर करून घड्याळ तिच्या हातात दिलं. तिनं ते दाराच्या उजेडाकडं धरलं, अंगठा फिरवला, बराच वेळ बघितलं.

"नवं घेतलंस व्हय? आकडं लई नाजूक हायती रं."

त्या बाजूला आकडे नव्हतेच.

"आई, तुला दिसतंय न्हवं?"

तिनं घड्याळ मांडीवर ठेवलं. मग म्हणाली, "दीड-दोन वरीस झालं. कडंनं अंधार येत गेला. तू कामातला मानूस, तुझ्या मागं कशाला लावून देऊ?"

दुसऱ्या दिवशी तिला बेळगावला आणलं. काचबिंदू, डॉक्टर म्हणाले. गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर आणलं असतं तर थेंबांवर बरीच राखता आली असती. बैल गेला नि झोपा केला. घेतल्या घेतल्या घड्याळ तिच्या हातात ठेवलं असतं, दर रविवारी नुसतं उघडं बांधून गेलो असतो, तरी कधीतरी कळलंच असतं. मी स्वतःला माफ करू शकत नाही. ते घड्याळ अजूनही तितकंच सुंदर दिसतं, याचा मला संताप येतो.

मी दोन वर्षं घड्याळ लपवलं, हे आईला माहीत नाही. "चूक माझीच, म्याच सांगितलं न्हाय," असं ती म्हणते. आणि गल्लीतल्या बायांना कौतुकानं सांगते, "पोरानं घड्याळ घेतलं, आन् पयल्यांदा मलाच आणून दावलं."

मी तिथंच बसलेला असतो. अजून एकदाही तिला खरं सांगितलेलं नाही.