आदराने पडणारी माणसं

नाना भेटले की नमस्काराआधी उजवा हात पुढे करायचे. हस्तांदोलनासाठी नव्हे. "धर मनगट," म्हणायचे, "आणि सोडू नकोस." धुळ्याच्या बसस्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर जळगावला माझ्या चष्म्याच्या दुकानात, समोर गिऱ्हाईक बसलेलं असताना. लोक ओशाळून हसायचे आणि दोन बोटांनी धरल्यासारखं करायचे. मग नाना हात मागे घेऊन दुसरंच काहीतरी बोलू लागायचे.

नाना म्हणजे धुळ्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे शिक्षक. तरुणपणी पुण्यात राहून ते ऐकिडो शिकले होते. समोरच्याने जोर लावायचा आणि आपण तोच जोर वळवून त्याला खाली आणायचं, अशी ही जपानी विद्या. ती एकट्याने करता येत नाही, जोडीदार लागतो, आणि खानदेशात तो त्यांना कधी मिळालाच नाही. बायको गेल्यावर मुलगा सुरतेला बोलवत होता. जाण्याआधी इथे एक तरी वर्ग उभा राहावा, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता.

त्यासाठी त्यांनी उन्हाळ्यात जळगावातल्या मेहरूणच्या एका मंगल कार्यालयात पाच दिवसांचं शिबिर घेतलं. मॅट कुठून आणणार? मंडपवाल्याच्या कापसाच्या गाद्या अंथरल्या, त्यात पाय रुतायचे. पोट उतरेल या आशेने बायकोने मलाही तिथे पिटाळलं. पहिल्याच सकाळी एका मुलाच्या आईने विचारलं, "सर, याच्या स्पर्धा कधी असतात? दहावीला खेळाचे मार्क मिळतात ना?"

"ताई, यात स्पर्धाच नाही," नाना म्हणाले. "यात कोणी जिंकत नाही."

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आला नाही, आणि त्याच्या शिकवणीच्या क्लासमधली बाकीची मुलंही आली नाहीत.

उरलो आम्ही मोठी माणसं. आमची अडचण वेगळीच होती. आधी वडीलधाऱ्या माणसाच्या पाया पडायचं आणि लगेच त्याचंच मनगट आवळायचं, हे आमच्या हातांना काही केल्या जमेना. शिकवताना नाना छापील मराठी बोलत, पण वैतागले की अहिराणी यायची. "नाडी देखी ऱ्हायना का? जोरमा धर." आम्ही "हो नाना" म्हणून आणखी हळू धरायचो. कहर म्हणजे, त्यांनी हात फिरवायच्या आतच आम्ही गादीवर लोळण घ्यायचो. एवढ्या मोठ्या माणसाचा डाव फुकट जाऊ नये, ही आमची काळजी.

"मी आजून फेकं बी नही," एकदा ते मला म्हणाले, "तू पडना कशाले?"

समारोपाला शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले, दर रविवारी यायचं सगळ्यांनी कबूल केलं. नाना धुळ्याहून एसटीने यायला लागले. गर्दी ओसरत गेली आणि पाऊसकाळ संपेतो मी एकटाच उरलो. मला वाटलं, एक तर एक, जोडीदार मिळाला ना त्यांना.

एका रविवारी मी नेहमीसारखा पडलो. नाना शेजारी गादीवर बसले आणि स्वतःचा हात उलटसुलट करून बघू लागले.

"मन्हा हातमा इद्या शे का तुम्हना आदर शे, माले आते समजत नही," ते म्हणाले.

"पुढच्या वेळी नक्की जोर लावतो, नाना."

"तुन्हाकडथीन व्हवाव नही, भाऊ." रागावले नव्हते ते. माझ्याकडून ते व्हायचं नाही, हे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, आणि ते खरंच होतं. पुढच्या रविवारी ते आले नाहीत; मुलाकडे सुरतेला गेल्याचं कळलं.

दिवाळीनंतर मी सुरतेला फोन केला. आवाज चांगला होता. सकाळी बिल्डिंगमधल्या म्हाताऱ्यांबरोबर बागेत हास्यक्लबला जातो, म्हणाले.

"तिथे काय करता, नाना?"

"हात वर करानं, हसानं, घर येवानं. आठे जोडीदार लागत नही."

मी फोन ठेवला. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, तरी मागच्या खोलीत जाऊन मी रडलो. पुढे नाना गेल्याचा निरोप आला, तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. माझं रडून त्याच दिवशी झालं होतं.