कादिझच्या धक्क्यावर

कादिझला आम्ही सकाळच्या गाडीने सहज फिरायला गेलो होतो, मी आणि बाबा. बाबांनी उभी हयात मालवाहू जहाजांवर काढलेली. अरुंद गल्ल्या, चर्चचा पिवळा घुमट बघत दुपारी बंदरावर आलो, तेव्हा ते कठड्याशी थांबले.

"माझी आई गेल्याची तार मला इथं मिळाली," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, माल उतरवायचा होता."

इतकं जुनं बंदर. इथं अशी बातमी ऐकून किती जण पुन्हा कामाला लागले असतील.

बाबा पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेले, मागोमाग मीही. ओंजळ भरून, आजीचं नाव घेऊन त्यांनी पाणी सोडलं. पुन्हा सोडलं. तिसऱ्या वेळी मी त्यांच्या ओंजळीला खालून माझे हात लावले.